वेळेवर थांबलेले निरोप

आईच्या पोटात गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा होतो, तेव्हा त्याच्या पाठीवरची पेशींची चपटी पट्टी कडांनी वळून नळीसारखी मिटते. या नळीच्या पुढच्या टोकातून मेंदू आकाराला येतो. त्याच्या सूचना डीएनएमध्ये असतात, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या सूचना तर जवळजवळ प्रत्येक पेशीत सारख्याच! मग कुठली कधी पाळायची आणि कुठली कधी थांबवायची, हे ठरवते कोण?

या कारभाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए. सुमारे २२ अक्षरांची ही चिमुकली साखळी. प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला ती बिलगते आणि तो निरोप दाबून टाकते. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत तिचे कार्य उलगडले. त्या वेळी फारसे कुणी लक्ष दिले नाही. २०२४ मध्ये याच शोधाला नोबेल मिळाले.

मेंदूशी तिचे नाते दाखवले ते एका माशाने. झेब्राफिश मूळचा आपल्याकडच्या नद्यांतला. आता तो जगभरच्या प्रयोगशाळांत असतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये या माशाचे असे भ्रूण वाढवले, की ज्यांत मायक्रोआरएनए कापून तयार करणारी ‘डायसर’ ही कात्रीच नव्हती. डोके-शेपूट ठरले, मेंदूची घडण मात्र बिघडली. मग त्यांनी ‘मायक्रोआरएनए-४३०’ टोचला आणि मेंदू बराचसा सावरला. २००६ मध्ये आणखी उलगडा झाला. आरंभीच्या कामासाठी आईने अंड्यात निरोपांची शिदोरी बांधून दिलेली असते. भ्रूण स्वतःच्या जनुकांवर चालू लागला, की ती वेळेत आवरावी लागते. त्यात या ४३०चा मोठा हात असतो.

याची दुसरी बाजू चटका लावणारी आहे. अगदी लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या एका दुर्मीळ कर्करोगात, बहुतेक गाठींमध्ये १९व्या गुणसूत्रावरच्या मायक्रोआरएनएंच्या एका समूहाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या आढळतात. एरवी हा समूह मुख्यतः वारेत आणि कोवळ्या गर्भपेशींत जागा असतो. या खुणेवरून डॉक्टर गाठ ओळखतात. खात्रीचा इलाज अजून हाती नाही.

बाळाची टाळू भरताना आजीचा हात जिथे हलकेच फिरतो, त्याखालचा मेंदू असे असंख्य निरोप वेळेवर थांबले म्हणून तिथवर पोचलेला असतो.