पोलादपूर–महाबळेश्वर अंतर व प्रवासवेळ

पोलादपूर (रायगड जिल्हा) आणि महाबळेश्वर (सातारा जिल्हा) यांच्यातील हवाई अंतर सुमारे २१ किलोमीटर आहे. आंबेनळी घाटातील रस्त्याने मात्र ते सुमारे ४० किलोमीटर भरते. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील किमान अंतर; विमानतळांमधील अंतरेही याच पद्धतीने मोजतात. महाड व पोलादपूर तालुक्यांत विमानतळ नाही, तरी सह्याद्रीमुळे प्रवास किती लांबतो हे समजण्यास ही मोजणी उपयोगी पडते.

हवाई अंतराची गणना

पोलादपूर १७°५९′ उत्तर, ७३°२८′ पूर्व येथे, तर महाबळेश्वर १७°५५′ उत्तर, ७३°३९′ पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखूड होत जातो. या भागात तो सुमारे १०६ किलोमीटरांचा आहे. त्यामुळे ४ कलांच्या अक्षांश-फरकाचे ७.४ आणि ११ कलांच्या रेखांश-फरकाचे १९.४ किलोमीटर होतात. एवढ्या लहान अंतरासाठी पृथ्वीची वक्रता सोडून दिली तरी चालते. पायथागोरसच्या सिद्धान्ताने उत्तर जवळजवळ २१ येते. शालेय विद्यार्थ्यालाही नकाशावरून हे करता येईल.

याच रीतीने महाड–पोलादपूर हवाई अंतर सुमारे १२ किलोमीटर येते. तेथे महामार्गाने सतरा-अठरा किलोमीटर पडतात, म्हणजे साधारण दीडपट. महाबळेश्वराच्या बाबतीत हे प्रमाण दुपटीवर जाते.

घाटरस्ता

दोन्ही गावांच्या उंचीत जवळजवळ १,३०० मीटरांचा फरक आहे. पोलादपूर सोडल्यावर आंबेनळी घाटाची चढण लागते. पुढे वाडा कुंभरोशी येथे प्रतापगडाचा फाटा असून तेथून महाबळेश्वरापर्यंत पुन्हा चढ आहे. हलक्या वाहनास साधारणतः सव्वा ते दीड तास लागतो. सरळ रेषेने हिशेब केल्यास ताशी १४ ते १७ किलोमीटर, म्हणजे सायकलीचा वेग! धुक्यात व पावसात अधिक वेळ धरावा.

येथे वेळ वाचवण्याची घाई धोक्याची ठरते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरकडे निघालेली बस या घाटात दरीत कोसळली. एक जण वगळता सर्व प्रवासी मृत्युमुखी पडले.

पावसाळ्यातील खंड

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. आंबेनळी घाटातील रस्ताही ठिकठिकाणी खचला आणि वाहतूक बंद पडली. हा घाट बंद असताना ताम्हिणी घाटातून पुणे-वाईमार्गे, किंवा चिपळूण, कुंभार्ली घाट व साताऱ्यावरून जाता येते. मात्र दोन्ही मार्गांनी दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. हवाई अंतर तेव्हाही २१ किलोमीटरच असते.