डोळ्यावरील मांस : वडस कीं अर्बुद?

उन्हांत व धुळींत वर्षानुवर्षें राबणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें मांस वाढतें, त्यास आपण वडस म्हणतों. हा विकार पुष्कळांस होतो व बहुधा निरुपद्रवी असतो. म्हणून डोळ्यावर कांहींही वाढलें तरी तें वडसच, असें आपण धरून चालतों. धोका येथेंच आहे. त्याच जागीं क्वचित् अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गांठ उद्भवते, व आरंभीं ती वडसासारखीच दिसूं शकते.

हें अर्बुद बहुधा पांढरा भाग व बुबुळ यांच्या हद्दीवर, उघड्या डोळ्यास ऊन लागतें त्या पट्ट्यांत निघतें. उन्हांतील अतिनील किरण हें त्याचें प्रमुख कारण होय. पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गुरांनाही असेंच अर्बुद विशेष होतें. एच्. आय्. व्ही.च्या बाधेनेंही त्याचा संभव वाढतो.

वाढ एकाच डोळ्यांत असणें, ती खडबडीत, पांढुरकी वा सरसासारखी दिसणें, तिजकडे जाड तांबड्या शिरा धांवणें व ती थोड्या महिन्यांत पसरणें, ह्या खुणा ध्यानांत ठेवाव्या. पांढऱ्या भागावर नवा काळा डाग उमटून वाढूं लागल्यास तोही दाखवावा. मध, चुना वा पाल्याचा रस घालून दिवस दवडूं नयेत.

नेत्रतज्ज्ञ भिंगाच्या यंत्रानें व डोळ्यांत रंग घालून परीक्षा करितो. परंतु पक्का निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीं तुकडा तपासूनच होतो. यास्तव वडस समजून काढलेलें मांसही तपासणीस पाठविण्याची विनंती करावी.

लहान गांठ सभोंवतालच्या सुमारें ४ मिलिमीटर निरोगी भागासह अखंड काढतात, कडा गोठवितात, व गरज पडल्यास उघडी जागा वारेच्या पातळ पडद्यानें झांकतात. कित्येकदां मायटोमायसिन, फ्लुओरोयुरासिल वा इंटरफेरॉनच्या थेंबांनींही गांठ विरते. रोग उलटण्याचा संभव असल्यानें पुढें कित्येक वर्षें डोळा दाखवीत राहावें. हयगय केल्यास रोग डोळ्याच्या आंत शिरतो, व मग जीव वांचविण्यासाठीं सबंध डोळाच काढावा लागतो.

उन्हांत रुंद कांठाची टोपी व काळा चष्मा वापरावा. बांधावरील अतिक्रमण आपण एक हंगामही सोसत नाहीं. डोळ्याच्या हद्दीवरील अतिक्रमणाचीही तितक्याच तांतडीनें मोजणी करून घ्यावी.