स्पीकरमधली घुंईं

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की गाण्याआधीच स्पीकरमधून बारीक घुंईं ऐकू येते. बहुतेकजण आधी स्पीकरला दोष देतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ही घरघर बहुधा तिचीच, ५० किंवा १०० हर्ट्झची असते.

नेहमीचं कारण अर्थिंगमध्ये सापडतं. अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर. दोन्ही अर्थमध्ये किंचित फरक असला, तरी त्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि आवाजात मिसळतो. खात्री करायची तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर थांबली, तर चोर सापडला. सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याची केबलही काढून पाहा. ती गच्चीवरून स्वतःचा वेगळा अर्थ घेऊन आलेली असू शकते.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली की बऱ्याचदा काम भागतं. नाहीच भागलं, तर ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा सरळ ऑप्टिकल केबल. अर्थची पिन कापायचा ‘जुगाड’ मात्र कोणी सुचवला तरी करू नका. ती पिन शॉकपासून वाचवायला आहे.

नेटवर्कची साधी लॅन केबल यात सहसा निर्दोष असते, कारण तिच्या पोर्टमध्येच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. महागडी, धातूच्या वेष्टणाची केबल घेतलीत, तर ते वेष्टण दोन्ही टोकांना जोडलं जाऊन उलट नवा मार्ग तयार होऊ शकतो.