गालात ठेवायचं औषध गिळलं तर काय होतं?

कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक कधी कधी सांगतात, "डॉक्टर, तुम्ही दिलेली भारी गोळी दिली, पण दुखणं तासभर तसंच राहिलं." गोळी कशी दिली असं विचारलं की उत्तर येतं, "कशी म्हणजे? पाण्याबरोबर." गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची होती. औषध कमी पडलेलं नव्हतं, ते चुकीच्या वाटेनं गेलं होतं.

गोळी म्हटलं की पाण्याचा घोट आलाच, ही आपली सवय. पण काही औषधांच्या बाबतीत ती कुठे ठेवायची यावरच गुण येणार की नाही हे ठरतं. अशी औषधं घरात येणार असतील, तर ती कशी काम करतात हे आधी समजून घ्या.

गालातून औषध रक्तात जातं कसं?

याचं उदाहरण आपल्याकडे गावोगावी दिसतं, आणि ते चांगलं नाही. तंबाखू खाणारा माणूस तंबाखू चुन्यात मळून गालफडात धरून ठेवतो. काही मिनिटांत त्याला 'किक' बसते, कारण निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. चुना कशाला? चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि त्या स्थितीत निकोटिन अस्तरातून जास्त सहज आत शिरतं. हे कोणत्याही पुस्तकात न वाचता लोकांना अनुभवानं कळलं. गालात ठेवायच्या फेंटानिलच्या काही गोळ्यांना तोंडात हलका फेस येतो, तोही असाच आम्लता बदलून औषधाला वाट करून देण्यासाठी.

गालाच्या आतलं अस्तर मऊ असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथलं रक्त मानेतल्या शिरेतून थेट हृदयाकडे जातं. गिळलेलं औषध मात्र आधी पोटात, मग आतड्यात आणि तिथून यकृतात जातं. यकृत काही औषधांचा मोठा हिस्सा वाटेतच निकामी करतं. फेंटानिल हे त्यातलंच एक. गिळलं तर त्याचा साधारण एक तृतीयांश भागच रक्तात पोहोचतो, तोही उशिरा. गालात ठेवलेल्या गोळीतला जवळजवळ निम्मा भाग अस्तरातून थेट रक्तात जातो.

मग सगळीच औषधं अशी का देत नाहीत? कारण तोंडातली जागा लहान आहे. ज्या औषधाची मात्रा अगदी थोडी पुरते, ज्याचे रेणू लहान आहेत आणि अस्तरातून पार होऊ शकतात, त्यांनाच ही वाट चालते. पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल गालात धरून बसण्यात काही अर्थ नाही.

ते चिकटतं कशामुळे?

खरी अडचण लाळेची. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि तोंडात ठेवलेली कोणतीही वस्तू ती धुऊन पोटात नेऊ पाहते. म्हणून काही औषधांमध्ये चिकटणारे पदार्थ घालतात. कोरडा डिंक ओल्या बोटाला कसा चिकटतो ते आठवा. हे पदार्थ अस्तरावरच्या बुळबुळीत थरातलं पाणी शोषून फुगतात आणि त्या थरातच गुंतून बसतात. गालाच्या आत चिकटवायच्या पातळ पट्ट्यांमध्ये औषधाची बाजू गालाकडे असते. दुसऱ्या बाजूला एक आवरण असतं, म्हणजे औषध लाळेत विरघळून वाया जाऊ नये.

जागा अगदी कोरडी असेल तर पट्टी धरत नाही. रेडिएशननंतर लाळ आटलेल्या रुग्णांना हा त्रास बऱ्याचदा होतो. त्यांनी आधी पाण्यानं चूळ भरून ती जागा ओली करावी. पट्टी बोटानं साधारण पाच सेकंद दाबून धरा. त्यानंतर जीभ किंवा बोट लावून ती हलवत बसू नका. एवढं साधं, पण बहुतेकांचं इथेच चुकतं.

जिभेवरची, जिभेखालची आणि गालातली

छातीत दुखणाऱ्या आजोबांच्या खिशातली जिभेखालची गोळी बहुतेक घरांना माहीत असते. जिभेखालचं अस्तर गालापेक्षाही पातळ, म्हणून तिथून औषध लवकर जातं, पण जास्त वेळ टिकत नाही. उलटीसाठी देतात त्या 'एमडी' लिहिलेल्या गोळ्या जिभेवर विरघळतात, पण औषध लाळेबरोबर गिळलं जाऊन पोटातूनच काम करतं. तिन्ही 'तोंडात विरघळणाऱ्या' म्हणून एकच समजू नका. पाकिटावर वाचा, किंवा औषधाच्या दुकानात सरळ विचारा: गिळायची, जिभेवर, जिभेखाली की गालात?

फेंटानिल घरी असेल तर

हे औषध प्रामुख्यानं कर्करोगात अचानक उसळणाऱ्या तीव्र वेदनेसाठी देतात. तेही ज्यांना आधीपासून मॉर्फिनसारखं औषध नियमित चालू आहे अशांनाच, कारण त्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. सवय नसलेल्या माणसाचा श्वास याच मात्रेनं थांबू शकतो. शेजारच्या काकांची कंबर कितीही दुखत असली तरी यातली एकही गोळी त्यांना देऊ नका.

गोळी वरच्या मागच्या दाढेच्या वर, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवतात. ती तोडायची नाही, चघळायची नाही, चोखायची नाही. विरघळायला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. अर्ध्या तासानंतर काही उरलं असेल तर पाण्याबरोबर गिळायला हरकत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचा गाल वापरा.

सगळ्यात मोठा धोका इथे आहे: गोळी गिळली गेली, आराम पडला नाही, म्हणून घाबरून लगेच दुसरी दिली, मग तिसरी. गिळलेलं औषध उशिरा का होईना, रक्तात येतंच, आणि मग सगळं एकत्र येतं. दुसरी मात्रा किती वेळानं द्यायची हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. त्यात घरच्या घरी बदल करू नका, फोन करा. एका कंपनीची गोळी संपली म्हणून दुसऱ्या प्रकारची तेवढ्याच मायक्रोग्रॅमची वापरणंही चूक आहे, कारण प्रत्येकीतून रक्तात जाणारं प्रमाण वेगळं असतं.

रुग्ण हाक मारून, हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास खूप संथ किंवा अडखळत चालला असेल, तर तोंडात उरलेलं औषध काढून टाका आणि लगेच १०८ ला फोन करा. पाकिटं कुलपात ठेवा. लहान मुलानं एक गोळी तोंडात टाकली तरी जीव जाऊ शकतो.

तोंड येतं तेव्हाचं मलम

आता जास्त घरांत असणारी गोष्ट. तोंड आल्यावर ट्रायमसिनोलोनचं चिकट मलम देतात. इथे औषध रक्तात जायला नको असतं, ते जखमेवर बसून राहायला हवं असतं. बरेच जण ते मशेरीसारखं बोटानं चोळतात. चोळलं की त्याचे रवाळ कण होतात आणि ते गळून जातं. थोडंसं मलम जखमेवर नुसतं टेकवा, म्हणजे वर एक गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. रात्री झोपताना लावलेलं उत्तम, कारण झोपेत लाळ कमी आणि खाणंपिणं बंद. दिवसा लावायचं असेल तर जेवणानंतर. तोंडात पांढरी बुरशी किंवा नागिणीसारखे फोड असतील तर हे मलम लावू नका, ते स्टिरॉइड आहे.

आठवडाभरात फरक पडला नाही तर दाखवायला या. आमच्याकडे एक बाई महिनोन् महिने दुकानातून असं मलम आणून लावत होत्या. मलमाखाली झोंबणं कमी व्हायचं, म्हणून दाखवायचं राहून गेलं. ती साधी जखम नव्हती. तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मशेरीची सवय असेल आणि जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर मलम थांबवून तोंडाच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल, तर तेही सांगा. सुपारीमुळे गालाचं अस्तर आतून कडक होत जातं. तिथे गोळी नीट बसत नाही, आणि त्या अस्तराला कर्करोगाचा धोकाही जास्त असतो.