अभंग विकतचा की भाड्याचा?

आषाढी एकादशी आली की आम्हा गंगापूरकरांच्या घरोघरी पहाटेच अभंग निनादू लागतात. श्रीनिवास खळे व लताबाईंचे ‘अभंग तुकयाचे’ पूर्वी तबकडीवर, पुढे कॅसेटवर घरी येई. एकदा दाम मोजले की ते धन आपले. २००३ साली अमेरिकेत आयट्यून्सने ९९ सेंटांस एक गीत विकले, तेव्हाही हाच न्याय होता. २०१९ साली भारतात आलेल्या स्पॉटिफायचा न्याय निराळा. तेथे भांडार अफाट, पण स्वामित्व नाही. फुकट ऐकावे तर मध्येच जाहिरात; वर्गणी भरली तरी गीतमालकाशी झालेला करार सरताच आवडता अभंग अदृश्य! आम्ही यंत्राचा द्वेष करीत नाही. पूर्वी न ऐकलेले अभंग त्यावर अवश्य ऐकावेत. मात्र या एकादशीस घरातील मुलांकडून एक तरी अभंग मुखोद्गत करवून घ्यावा. कंठी वसलेल्या नामास वर्गणी नाही.