नवापूरची बुसरा आणि पहिल्या अंड्याची प्रतीक्षा

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने गावी जाणाऱ्या आपल्या मंडळींना नवापूर स्थानक नव्याने सांगावयास नको. फलाटाचा काही भाग गुजरातेत, काही महाराष्ट्रात. तेथल्या एका बाकावर शेजारी बसलेली दोन माणसे दोन निरनिराळ्या राज्यांत असतात, ही गंमत आपण मुलांना खिडकीतून दाखवीत आलो आहोत. परंतु ही सीमा मुळीच न जुमानणारे एक कुळ त्या परिसरात पिढ्यान् पिढ्या नांदत आहे, त्याची ओळख मात्र फार थोड्यांना असते. ते कुळ म्हणजे बुसरा जातीच्या कोंबड्यांचे.

महाराष्ट्रातील नंदुरबार व धुळे हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला जुन्या सुरत जिल्ह्याचा पूर्वभाग, जो २००७ साली तापी जिल्हा म्हणून वेगळा झाला, हे बुसरेचे माहेर. भिल्ल, गावित, कोकणी, पावरा यांच्या अंगणांत ती वाढली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी कोंबड्यांच्या ज्या जातींची रीतसर नोंद केली आहे, त्यांत असील व कडकनाथ या नामांकितांच्या पंक्तीला बुसराही बसली आहे. कडकनाथचा काळा रंग व त्याच्या औषधी गुणांची कीर्ती यांमुळे त्याचा भाव चढला. बुसरेला असे काही मिरवता येत नाही. अंगाने ती लहान, पूर्ण वाढलेली कोंबडी जेमतेम किलोभर भरावयाची. पिसे बहुधा पांढरी, त्यांत मानेवर, पाठीवर व शेपटीकडे काळ्याची मिसळ, खांद्यापंखांवर तांबूस छटा, डोक्यावर एकेरी लाल तुरा. दोन बुसरा तंतोतंत सारख्या सहसा दिसत नाहीत. चपळाई मात्र साऱ्यांत सारखी. घारीची सावली अंगणावर पडण्यापूर्वीच ती पिलांसह कुंपणात शिरलेली असते.

वर्षाकाठी तिची अंडी चाळीस ते पंचावन्न. वजन अठ्ठावीस ते अडतीस ग्रॅम, म्हणजे बाजारच्या अंड्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. पोल्ट्रीतील पांढरी संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, हे ज्यांना ठाऊक आहे ते येथे हसतील. तथापि हा हिशेब जरा उलगडून पाहावा. बुसरा बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस ती रवणीला बसते, त्यानंतर दीड-दोन महिने पिले सांभाळते, मग पुन्हा अंड्यांवर येते. तीन-साडेतीन महिन्यांचा हा एक फेरा. वर्षात असे फेरे होऊन होऊन किती होणार? पोल्ट्रीतील कोंबडीची बसण्याची उपजत वृत्ती माणसाने निवड करकरून घालविली, म्हणून ती सतत घालू शकते. तिचा वंश यंत्राच्या उबेवर चालतो, बुसरेचा तिच्या स्वतःच्या.

नवापूर तालुक्यातील आमच्या आत्याबाईंनी गेल्या फाल्गुनात टोपलीत घालून सहा पिले आम्हांस दिली. सुरतेच्या कडेला आमच्या घरामागे थोडे अंगण आहे, तेथे विटांचे खुराडे बांधले, रात्रीसाठी जाळीचे दार बसविले. पहिल्याच आठवड्यात मानमोडीवरील लशीचा थेंब डोळ्यांत घातला. तो न घातल्यास अख्खे खुराडे दोन-चार दिवसांत रिकामे होते. दोन नर निघाले, चार तलंगा राहिल्या. तलंग हा शब्द आपल्या शहरी घरांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. वयात येत असलेली, पण अद्याप एकही अंडे न घातलेली कोंबडी ती तलंग.

आणि मग सुरू झाली प्रतीक्षा. पाच महिने झाले तरी कशाला पत्ता नाही. शेजारच्या बेन स्वतः अंड्याला शिवत नाहीत, पण रोज सकाळी कुंपणावरून विचारीत, ‘मूक्युं?’ आम्ही मान हलवीत असू. दूरध्वनीवर आत्याबाईंना दिवस मोजून सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘दिवस काय मोजता, तुरा बघा.’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. बुसरेचे पहिले अंडे पाच ते सात महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येते. शरीर तयार होऊ लागले की फिकट गुलाबी तुरा लालभडक होतो, गळ्याखालची लोळी भरते. पाठीवर हात ठेवताच तलंग पळण्याऐवजी पंख किंचित पसरून खाली बसते. शेपटीखालची दोन हाडे, ज्यांत पूर्वी एक बोट कसेबसे मावे, तेथे दोन-तीन बोटे मावू लागतात. ती कोपरे धुंडाळते आणि उगाच कुरकुरते.

दुसरी गोष्ट उजेडाची. कोंबडीचे अंड्यावर येणे दिवसाच्या लांबीवर फार अवलंबून असते. सुरतेत सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांच्या. फाल्गुनातील पिले भाद्रपदात वयात येतात, म्हणजे नेमका दिवस आखडत असताना. व्यापारी शेडमध्ये दिवे लावून ही उणीव भरून काढतात. आम्ही दिवा लावला नाही. ज्या जातीने शेकडो भाद्रपद काढले, तिला आमच्या विजेची गरज काय? शिंपल्यांचा चुरा मात्र निराळ्या वाटीत ठेवला. कवच जवळजवळ सगळे चुन्याचेच असते आणि ते चढण्यास वीस तास लागतात. परंतु हा चुरा तलंगांच्या रोजच्या खाद्यात आधीपासून कालवू नये. वाढत्या वयात अतिरिक्त चुना मूत्रपिंडांना बाधतो.

प्रतीक्षेमागे केवळ हौस नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर हे नाव देशभर झाले. भारतातील पहिला बर्ड फ्लू तेथील पोल्ट्रीत आढळल्याचे त्या दिवशी जाहीर झाले, आणि लगोलग सीमेपलीकडे उच्छल येथेही. लक्षावधी पक्षी मारावे लागले. ठरावीक अंतरातला पक्षी शेडमधला की अंगणातला, असा भेद त्या नियमात नसतो, नसावाही. रोग भेद करीत नाही. आत्याबाईंची सतरा कोंबडी तेव्हा गेली. त्या दिवसानंतर कितीतरी पहाटे आरवण्यावाचून उजाडल्या, असे त्या सांगतात. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात हा रोग पुन्हा आला.

नष्ट झालेली व्यापारी शेड उबवणी केंद्रातून पुन्हा भरता येते. बुसरेचे मूळ बीज मात्र अंगणांतच आहे आणि ती अंगणे रोगाचा धोका असलेल्या त्याच पट्ट्यात आहेत. भरीला जास्त अंडी देणारे सुधारित नर गावोगाव आले; त्यांची पिले वजनदार होतात, पण दोन पिढ्यांत बुसरा ओळखू येईनाशी होते. आत्याबाईंनी २००६ नंतर दूरच्या एका पाड्यावरून, जेथे तो नियम पोहोचला नव्हता, दहा अंडी कोंड्यात ठेवून आणली आणि शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली घातली. आमची सहा पिले त्याच वंशातली. सव्वाशे किलोमीटरांवर चार पक्षी वेगळे असावेत, हा त्यांचा हिशेब होता.

आश्विनाच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले अंडे मिळाले, तेही खुराड्यात नव्हे तर जुन्या सुपाखाली. लिंबाहून थोडे मोठे, फिकट तपकिरी, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ; पहिल्या अंड्यावर अशी रेघ दिसते, भिण्याचे कारण नाही. मागोमाग आणखी दोघींनी सुरुवात केली. ही पहिली अंडी लहान असतात, उबविण्यास घेऊ नयेत, म्हणून ती घरात खाल्ली गेली. पुढच्या खेपेची मात्र मोजून ठेवीत आहोत, टोक खाली करून, माठाजवळच्या गारव्यात, आठवड्याहून अधिक नाही. दोन्ही नर सख्खे भाऊच असल्याने आत्याबाई दिवाळीत दुसऱ्या घराण्यातला नर पाठविणार आहेत. बेननी खुडूक कोंबडीसाठी जुनी गोणपाटे आणून दिली. चौथी तलंग अजून घालत नाही. तुरा मात्र परवापासून लाल दिसतो आहे.