मुक्त आज्ञावली आणि अर्ध्या सेकंदाची गोष्ट

चकलीची भाजणी गिरणीतून दळून आली की नुसत्या पिठाकडे पाहून त्यात तांदूळ किती आणि कोणती डाळ किती, हे सांगता येईल का? नाही. प्रमाण लिहिलेला कागद हाती असेल तरच ते कळेल, आणि पुढच्या खेपेस हवा तसा बदलही करता येईल. संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे, असेच असते.

आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात. तिला मूळ संहिता म्हणतात. ‘कंपायलर’ नावाची दुसरी आज्ञावली तिचे ० आणि १ यांच्या यंत्रभाषेत रूपांतर करते. कंपायलर ही जणू गिरणीच होय. विकत मिळणाऱ्या पुष्कळशा आज्ञावल्यांचे आपल्याला फक्त पीठ मिळते; कागद कंपनीजवळ राहतो.

हा कागद सर्वांना मिळावा, तो वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक असावी, या विचाराने रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची सुरुवात केली. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच असते. अशा आज्ञावल्यांना मुक्त किंवा ‘ओपन सोर्स’ आज्ञावल्या म्हणतात.

मूळ संहिता उघडी असली की हजारो डोळे ती पाहतात, म्हणून दोष लपत नाहीत, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे कितपत खरे आहे? २०२४ मधील एक घटना पाहू.

‘एक्सझेड’ ही माहिती दाबून लहान करणारी एक मुक्त आज्ञावली आहे. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ती असते. पण तिची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः लासे कॉलिन हा एकच गृहस्थ, तीही बिनपगारी, करीत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणारी एक व्यक्ती त्याला मदत करू लागली. तिने चांगली सुधारणा केली, विश्वास मिळवला आणि पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळवला. मग फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तिने एक चोरदरवाजा बसवला.

ही लबाडी कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्यांच्या फायलींत दडवला होता. त्या फायली माणसाने वाचायच्या नसतातच. तो भाग जागा करणाऱ्या ओळी मात्र सर्वांसमोर असलेल्या संहितेत नव्हत्या. प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच त्या घातल्या होत्या. म्हणजे भिंतीवर लावलेला कागद एक आणि गिरणीत पाठवलेल्या डब्यात मूठभर जिन्नस जास्त! दूरच्या संगणकात प्रवेश देणारी ‘एसएसएच’ ही आज्ञावली काही लिनक्स प्रणालींत एक्सझेडचा भाग आडवाटेने वापरते. त्यामुळे ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला अशा संगणकावर हवे ते करता आले असते.

मग हे उघडकीस कसे आले? आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता ‘पोस्टग्रेस’ या दुसऱ्याच आज्ञावलीच्या वेगाची मोजमापे घेत होता. एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आणि संगणकावर उगाच ताण येतो, असे त्याला आढळले. तो कारण शोधत गेला आणि थेट चोरदरवाजापाशी पोहोचला. २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते जाहीर केले. तोवर ती आवृत्ती मुख्यतः चाचणीसाठीच्या प्रणालींतच पोहोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला.

आता विचार करा. हजारो डोळ्यांना ही गोष्ट दिसली नव्हती, कारण ते डोळे तिकडे वळलेच नव्हते. मात्र मूळ संहिता उघडी नसती, तर बाहेरच्या एका अभियंत्याला संशय आल्यावर इतक्या लवकर मुळापर्यंत जाता आले नसते. मुक्ततेमुळे तपासण्याची सोय होते. तपासणी मात्र कोणीतरी करावी लागते. माझ्या मते ज्या कंपन्या आणि सरकारे अशा आज्ञावल्यांवर आपला कारभार चालवतात, त्यांनी देखभाल करणाऱ्यांना वेतन आणि मदतनीस पुरवले पाहिजेत. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ मात्र एकट्यानेच उपसावा, हे बरे नव्हे.

तुम्हालाही यात वाटा उचलता येईल. शाळेतील संगणकावर एखादी मुक्त आज्ञावली असेल, तर शिक्षकांच्या मदतीने तिची मूळ संहिता उघडून पाहा. सुरुवातीस फारसे कळणार नाही. तरी एक छोटासा भाग निवडा आणि तो काय करतो, हे वहीत आपल्या शब्दांत लिहा. आणि संगणकाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागला, तर ‘का?’ असे विचारायला विसरू नका.